ओठ झोपला, दाढ जागीच!

मागच्या अंकात दातांच्या भुलीबद्दल अगदी चार ओळी लिहिल्या होत्या, की एकच इंजेक्शन सगळ्यांना लागू पडतं असं नाही, भूल द्यायच्या इतरही पद्धती आहेत. त्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा अंक त्यालाच द्यायचं ठरवलं. सगळ्यांची उत्तरं देणं शक्य नाही, ज्या प्रश्नांमध्ये बऱ्याच जणांचं दुखणं सामावलंय असे निवडलेत.

प्रश्न : डॉक्टर, खालच्या डाव्या दाढेचं रूट कॅनल करायला गेले होते. तीन इंजेक्शनं दिली. अर्धा ओठ जाड होऊन लोंबतोय असं वाटत होतं, जीभसुद्धा बधीर, पण ड्रिल दाढेला लागलं की कळ थेट कानापर्यंत जायची. डॉक्टर म्हणाले ओठ बधीर आहे ना, मग भूल चढलीये, तुम्ही घाबरताय म्हणून तसं वाटतंय. घरी येऊन खूप रडले. मला भूल चढतच नाही का? – एक वाचक, वय ३४

उत्तर : सगळ्यात आधी हे सांगते, तुम्हाला दुखत होतं म्हणजे दुखतच होतं. मनाचे खेळ वगैरे काही नाही. ओठ पूर्ण बधीर आणि दाढ मात्र जागी, हे आम्ही डेंटिस्ट लोक नेहमी बघतो, आणि त्याची कारणं पुस्तकात व्यवस्थित लिहिलेली आहेत, त्यामुळे पेशंटला घाबरट ठरवलेलं मला अजिबात पटत नाही.

आता कारण समजून घ्या. वरच्या जबड्याचं हाड पातळ आणि सच्छिद्र असतं, दाताच्या मुळाशेजारी हिरडीत औषध सोडलं की ते झिरपत झिरपत नसेपर्यंत पोचतं. खालच्या जबड्याचं हाड, खास करून दाढांपाशी, जाड आणि घट्ट असतं, तिथं औषध तसं झिरपत नाही, म्हणून नस हाडात शिरते त्याच्या आधीच तिला गाठावं लागतं, पार मागे, जबड्याच्या आतल्या बाजूला. तिथं एक छोटं भोक असतं, त्यातून ती नस आत जाते. हे भोक डोळ्यांना दिसत नाही, आजूबाजूच्या खुणांवरून अंदाज बांधून सुई घालायची असते, आणि प्रत्येकाच्या जबड्यात ते थोडं वरखाली पुढेमागे असतं. चांगला हात असलेल्या डॉक्टरचंसुद्धा हे इंजेक्शन १०० पैकी १५ ते २० वेळा नीट लागत नाही.

पण तुमच्या बाबतीत ओठ बधीर होता, म्हणजे औषध नसेपाशी पोचलं होतं. मग दाढ का जागी? एक तर दाढेला दुसऱ्या बारीक नसांचा फाटा असू शकतो, त्या मुख्य नसेतून येतच नाहीत. आणि दुसरं, मला वाटतं तुमच्या बाबतीत हेच असावं, दाढेच्या आतली नस आधीच सुजून भडकलेली असते. रात्री ठणकून झोपू न देणारी, गरम प्यायलं की उसळणारी दाढ, तिला आमच्यात ‘हॉट टूथ’ म्हणतात. अशा दाढेत भूल फेल जायचं प्रमाण कितीतरी पटीने वाढतं, कारण सूज आलेल्या ठिकाणी आम्लता वाढते आणि औषधाचा जो भाग नसेच्या आत शिरून काम करतो तो कमी तयार होतो, शिवाय भडकलेल्या नसेवर अशा जातीचे सोडियम चॅनल, म्हणजे दुखण्याचा संदेश पुढे नेणारी बारीक दारं, वाढलेले असतात जे या औषधांना फारसे दाद देत नाहीत.

ओठ बधीर असताना परत परत त्याच जागी तेच इंजेक्शन देण्यात फार अर्थ नसतो, वाट बदलावी लागते. सोपा उपाय म्हणजे त्या दाढेच्या बाहेरच्या बाजूला, गालाकडच्या हिरडीत आर्टिकेन नावाचं औषध सोडणं. हे औषध लिडोकेन या भुलीच्या नेहमीच्या औषधापेक्षा हाडातून बरंच चांगलं झिरपतं. तेवढ्याने भागलं नाही तर दात आणि हाड यांच्या मधल्या फटीत, जिथं दाताला धरून ठेवणारे धागे असतात, तिथं प्रत्येक मुळाशेजारी फक्त ०.२ मिली औषध दाबाने घालतात. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे हाडाला बारीक भोक पाडून थेट आतल्या मऊ हाडात औषध सोडणं. ऐकायला भयंकर वाटतं मला माहितीये, पण आधी हिरडी बधीर केलेली असते आणि बाहेरच्या हाडाच्या थराला स्वतःची अशी दुखरी नस जवळजवळ नसतेच, त्यामुळे पेशंटला फक्त थोडी थरथर आणि दाब जाणवतो, आणि भूल अक्षरशः मिनिटाभरात चढते. छाती थोडा वेळ धडधडू शकते, हे आधी सांगितलेलं बरं असतं, नाहीतर माणूस दचकतो.

दाढ उघडल्यावरही दुखलं तर शेवटचा मार्ग आतल्या नसेतच इंजेक्शन. ते क्षणभर चांगलंच दुखतं, पण लगेच काम करतं. ते शेवटीच वापरायचं, आणि पेशंटला सांगून.

पुढच्या वेळी दोन गोष्टी करा. ड्रिल लावायच्या आधी डॉक्टरांना सांगा की दाढ थंड करून तपासा. कापसाच्या छोट्या बोळ्यावर गार स्प्रे मारून दाढेला लावतात, झिणझिणलं तर भूल अजून चढलेली नाही. ओठ टोचून बघण्यापेक्षा ही टेस्ट कितीतरी खरी आहे, आणि एका मिनिटाची आहे. दुसरं, हात वर केला की काम थांबणार, हे आधीच ठरवून घ्या आणि खुर्चीत बसल्यावर एकदा करूनही दाखवा. तासभर आधी आयबुप्रोफेन घेतलं तर अशा दाढेत भूल जास्त चांगली लागते असं दिसून आलंय, पण ॲसिडिटी, किडनी, दमा, प्रेग्नन्सी यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

प्रश्न : माझी अक्कलदाढ काढायची आहे, पण तोंड जेमतेम एक बोट आत जाईल इतकंच उघडतंय. एका ठिकाणी सांगितलं की तोंड उघडल्याशिवाय इंजेक्शनच देता येणार नाही, गोळ्या घेऊन थांबा. दुसरा काही मार्ग नाही का? – वाचक, वय ५८

उत्तर : काका, आधी एक विचारते. ताप आहे का, गिळताना त्रास होतोय का, हनुवटीखाली किंवा मानेवर सूज उतरलीये का? यातलं एक जरी असेल तर हे उत्तर पुढे वाचू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, जंतुसंसर्ग मानेत उतरला तर श्वास अडकू शकतो, तिथं एक दिवसही थांबायचं नसतं.

तसं काही नसेल तर मार्ग आहे, तोंड बंद ठेवूनच भूल देता येते. वझिरानी या डॉक्टरांनी १९६० मध्ये ही पद्धत मांडली होती आणि १९७७ मध्ये अकिनोसी यांनी ती पुन्हा मांडल्यावर जास्त माहिती झाली, म्हणून दोघांचंही नाव लागतं. यात पेशंटने दात नुसते टेकवून ठेवायचे, गाल सैल सोडायचा. गाल बाजूला ओढून वरच्या दाढांच्या हिरडीच्या उंचीवर, दातांना समांतर अशी सुई मागे सरकवत न्यायची, साधारण अडीच सेंटीमीटर, हाडाला न लागता, आणि तिथं औषध सोडायचं.

मला अशी एक पेशंट चांगली आठवते, तोंड इतकं घट्ट की मी आरसा आडवा धरून कसाबसा आत सरकवला, वरच्या दातांची टोकं तेवढी दिसत होती. इंजेक्शन देऊन मी हातातलं घड्याळ बघत शेजारी बसले. चार-पाच मिनिटांनी तिने स्वतःच हनुवटीला हात लावला आणि तोंड उघडून बघितलं, एक बोट, मग दीड, मग दोन. तिचे डोळे असे मोठे झाले! असं होतं कारण त्याच जागेतून चावायच्या स्नायूंना जाणाऱ्या नसाही जातात, त्या झोपल्या की आवळलेला स्नायू सैल पडतो. नेहमी इतकं छान उघडेल अशी खात्री नाही देता येत, विशेषतः तोंड वर्षानुवर्षं हळूहळू आखडत गेलं असेल तर स्नायू सैल पडून काही होत नाही, आणि त्याचं कारण वेगळं शोधावं लागतं. पण अक्कलदाढेच्या सुजेने जबडा अलीकडेच धरला असेल तर तोंडाच्या सर्जनकडे जा आणि या पद्धतीबद्दल मोकळेपणाने विचारा.

प्रश्न : भूल दिल्याबरोबर माझी छाती धडधडली, हात थरथरले, घाम फुटला. आता सगळीकडे सांगते की मला भुलीची ॲलर्जी आहे. बरोबर ना? – एक वाचक

उत्तर : बहुतेक नाही. लिडोकेनच्या जातीच्या औषधांची खरी ॲलर्जी फारच क्वचित असते. तुम्हाला जे झालं ते त्यात मिसळलेल्या ॲड्रिनलिनमुळे असावं, ते भूल टिकवायला आणि रक्त कमी यायला घालतात, आणि सुईचं टोक चुकून छोट्या रक्तवाहिनीत गेलं असेल तर असंच धडधडतं, काही मिनिटांत उतरतं. खालच्या जबड्याच्या नेहमीच्या इंजेक्शनमध्ये सुई रक्तवाहिनीला लागायचं प्रमाण १०० मध्ये १० ते १५ असतं, म्हणूनच औषध सोडायच्या आधी सिरिंज मागे ओढून रक्त येतंय का ते बघायचं असतं. अंगावर पित्त उठलं, ओठ-डोळे सुजले, श्वासाला घरघर लागली असं झालं असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तेव्हा ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून टेस्ट करून घ्या. ‘मला ॲलर्जी आहे’ असं नुसतं सांगत राहिलात तर उद्या खरंच दाढ ठणकेल तेव्हा कुणी भूल द्यायला धजणार नाही, म्हणून एकदाच काय ते नक्की करून टाका. ॲड्रिनलिन नसलेली भूलही मिळते, ती कमी वेळ टिकते एवढंच.

प्रश्न : माझ्या ११ वर्षांच्या मुलाला हिमोफिलिया (रक्त लवकर न गोठण्याचा आजार) आहे. खालची दाढ किडलीये, फिलिंग करायचंय. इंजेक्शनने आत रक्त साचेल म्हणून सगळे नको म्हणतात आणि भूल न देता करूया म्हणतात. तो आत्ताच घाबरून दात घासू देत नाही. काय करू? – एक आई

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. भीती खरी आहे, पण ती एका विशिष्ट इंजेक्शनची आहे, सगळ्यांची नाही. मागे खोलवर जाणारं जे इंजेक्शन वर सांगितलं, त्यात सुई मऊ भागातून जाते, तिथं रक्तवाहिनीला लागलं तर हिमोफिलियात रक्त साचत साचत घशापर्यंत जाऊ शकतं. म्हणून फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारा घटक, दिल्याशिवाय ते द्यायचं नाही, हा नियम बरोबरच आहे.

पण दात आणि हाड यांच्या फटीत द्यायचं जे इंजेक्शन आहे, ज्यात प्रत्येक मुळाला ०.२ मिली लागतं, ते याच मुलांसाठी फार उपयोगी आहे. सुई खोल जातच नाही, औषध अगदी थोडं लागतं, आणि एकाच दाताला भूल चढते. ११ वर्षांच्या मुलाची ही दाढ पक्की असेल तर चांगलंच, दुधाची असेल तर डॉक्टरांना तसं विचारा, कारण खाली तयार होत असलेल्या पक्क्या दातावर या इंजेक्शनचा परिणाम होऊ शकतो. हिरडी तिथं सुजलेली किंवा पू असलेली नसावी. गालाकडच्या हिरडीत वरवर औषध सोडणंही बऱ्याचदा चालतं. भूल न देता दाढ कोरणं मात्र नको, त्या वयात एकदा मनात बसलेली धास्ती मोठेपणी निघत नाही हो.

त्याच्या रक्ताच्या डॉक्टरांचा आणि दातांच्या डॉक्टरांचा एकदा फोन होऊ द्या, शक्यतो तुमच्यासमोर. फॅक्टर लागेल का, किती, कधी, ते रक्ताचे डॉक्टर ठरवतील. आणि नंतर दुखलं तर पॅरासिटामॉल चालतं, पण आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घरातल्या कुणी हाताला लागलं म्हणून देऊ नये, हे फ्रिजवर लिहून लावा.

प्रश्न : टाळूतलं इंजेक्शन इतकं का दुखतं? त्याच्या आठवणीने दोन वर्षं गेले नाही. – वाचक, वय ४१

उत्तर : कॉलेजात आम्ही एकमेकांवर इंजेक्शनची प्रॅक्टिस करायचो. टाळूची पाळी आली तेव्हा मैत्रिणीने दिलं, आणि माझी बोटं खुर्चीच्या हातात रुतली होती, डोळ्यांतून आपोआप पाणी. तेव्हापासून टाळूत सुई घालताना मी घाई केलेली नाही.

टाळूची कातडी हाडाला घट्ट चिकटलेली असते, औषधाला पसरायला जागाच नाही. दुखतं ते सुई टोचल्याने कमी आणि औषध जोरात ढकलल्याने जास्त. म्हणून खरा इलाज म्हणजे हळू देणं. १.८ मिलीची एक कार्ट्रिज (भुलीच्या औषधाची छोटी नळी) निदान एका मिनिटात जावी असं शिकवतात, टाळूत त्याहूनही हळू. हे हाताने सातत्याने जमणं अवघड, त्यासाठी कॉम्प्युटरवर चालणारं यंत्र असतं. १९९७ च्या सुमारास पहिलं आलं, पेनसारखं हलकं धरायचं आणि औषध थेंबाथेंबाने जातं. याच यंत्रामुळे एक छान पद्धत पुढे आली, टाळूत उपदाढांच्या (सुळा आणि मोठ्या दाढा यांच्या मधले दात) रेषेत, हिरडीची कड आणि टाळूची मधली रेषा यांच्या बरोबर मध्ये एकच इंजेक्शन, आणि त्या बाजूचे पुढचे दात ते उपदाढांपर्यंत सगळे बधीर, तरीही ओठ आणि गाल जागे! हसू वाकडं होत नाही, दाताचा आकार ठरवताना डॉक्टरला पेशंटचं खरं हसू बघता येतं.

यंत्र नसेल तरी चालेल. कापसाच्या काडीने टाळू पांढरी पडेपर्यंत घट्ट दाबून धरायची आणि तिच्या कडेलाच सुई घालायची, याने खूप फरक पडतो. वरचा दात असेल तर आधी गालाकडून आर्टिकेन देऊन थांबलं तर कधीकधी टाळूतलं इंजेक्शन लागतही नाही. जाताना हे सगळं डॉक्टरांना सांगा, लाजू नका, ‘मला टाळूची भीती आहे’ एवढं वाक्य ऐकलं तरी चांगला डॉक्टर हात आवरता घेतो.

प्रश्न : सुई नसलेली भूल असते का? – एक वाचक

उत्तर : असते, पण मर्यादित. हिरड्या साफ करताना फटीत घालायची जेल असते, ती वरवरच्या कामाला पुरते. नाकात मारायचा स्प्रेसुद्धा निघाला होता, २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, पण तो फक्त वरच्या पुढच्या दातांच्या आणि उपदाढांच्या फिलिंगसाठी होता. खालच्या दाढेसाठी सुईला आज तरी पर्याय नाही.

प्रश्न : मला दुपारी व्याख्यान द्यायचं असतं आणि सकाळी दात केला तर तोंड वाकडं. लवकर उतरत नाही का? – वाचक

उत्तर : ॲड्रिनलिनवाल्या लिडोकेनने दाताची भूल तासभर टिकते पण ओठ-जीभ तीन ते पाच तास बधीर राहतात, हीच तर गंमत आहे. फटीतलं इंजेक्शन किंवा टाळूतलं वरचं, यात ओठ जवळजवळ बधीर होत नाही, छोट्या कामाला ते मागा. भूल लवकर उतरवणारं फेंटोलामीन नावाचं इंजेक्शनही आहे, अमेरिकेत २००८ मध्ये मंजूर झालं, ओठाचा बधिरपणा साधारण निम्म्या वेळात जातो. ते सगळीकडे मिळत नाही, आधी फोन करून विचारा. लहान मुलांच्या आईवडिलांनी एवढं वाचून ठेवा की बधीर ओठ मुलं चघळून रक्तबंबाळ करतात, भूल उतरेपर्यंत लक्ष ठेवा.

प्रश्न : मॅडम, मी डेंटलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला खालच्या जबड्यासाठी एकच ब्लॉक (मुख्य नसेला भूल द्यायचं इंजेक्शन) नीट शिकवला, बाकीचे परीक्षेपुरते. माझे ब्लॉक फेल जातात तेव्हा हात कापतो. पुढे आधी काय शिकू? – एक विद्यार्थी

उत्तर : तुझं पत्र सगळ्यात शेवटी ठेवलं कारण पहिल्या पत्रातल्या ताई उद्या तुझ्याच खुर्चीत बसणार आहेत. फटीतलं इंजेक्शन पहिल्याच आठवड्यात शीक, ते सोपं आहे. पण त्यानंतर वेळ घालव तो गो-गेट्सवर. ऑस्ट्रेलियातले जॉर्ज गो-गेट्स हे प्रॅक्टिस करणारे डेंटिस्ट होते, त्यांनी १९७३ मध्ये ही पद्धत छापली. नस हाडात शिरते तिथं न गाठता आणखी वर, कानापुढच्या सांध्याच्या मानेपाशी औषध सोडायचं, म्हणजे फाटे फुटायच्या आधीच सगळ्या नसा एकदम हाताशी येतात, ते चुकार फाटेसुद्धा. हात बसला की १०० पैकी ९५ वेळा लागतो, आणि सुई रक्तवाहिनीला लागायचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास.

तोंडाचा कोपरा आणि कानाच्या भोकापुढच्या उंचवट्याखालची खाच, यांना जोडणारी रेषा मनात काढ, सुई तिला समांतर. सिरिंज विरुद्ध बाजूच्या ओठाच्या कोपऱ्यातून येते, सुई वरच्या दुसऱ्या दाढेच्या टाळूकडच्या पुढच्या टोकाच्या जरा खाली धरून दाढेच्या मागे टोचायची, आणि साधारण २५ मिलीमीटरवर हाड लागायलाच हवं. हाड लागलं नाही तर औषध सोडायचं नाही, मागे ये, दिशा बदल. लांब सुईच वापर, आणि ती कधीही मुठीपर्यंत आत घालू नकोस, तुटली तर पकडायला काहीतरी बाहेर राहायला हवं.

मुलं इथं हमखास एक चूक करतात, औषध सोडलं की पेशंटला तोंड मिटू देतात. तोंड मिटलं की सांधा मागे सरकतो आणि नस औषधापासून लांब जाते. रबराचा बाइट ब्लॉक दातांत ठेव, दोन मिनिटं तोंड पूर्ण उघडं ठेव, हनुवटीला हलका आधार दे. मग पाच ते दहा मिनिटं थांब. याला नेहमीच्या ब्लॉकपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि न थांबता ड्रिल उचललं म्हणूनच ‘गो-गेट्स लागत नाही’ असं निम्मे लोक म्हणतात. तोपर्यंत गार स्प्रे आणि कापूस ट्रेवर काढून ठेव.